शेजाऱ्याची बंद गाडी आणि तुमची अडलेली जागा: बडोद्यात नव्याने राहायला आलेल्यांसाठी

बडोद्यात घर बघताना लोक पाण्याची वेळ विचारतात, लिफ्ट चालते का बघतात, विश्वामित्रीला पूर आला की पाणी कुठवर चढतं याची चौकशी करतात. पार्किंग मात्र दलालाच्या एका वाक्यावर सोडून देतात: "पार्किंग तो छे ज." सामान लागल्यावर कळतं की आपल्या म्हणून दाखवलेल्या जागेवर एक गाडी आधीच उभी आहे. चारही टायर बसलेले, काचेवर बोटभर धूळ, आणि ती कुणाची हे सांगायला कुणी पुढे येत नाही.

पुण्या-नाशिकहून रिफायनरीत, रेल्वेत किंवा एम. एस. युनिव्हर्सिटीत नोकरीला आलेली मराठी कुटुंबं या भांडणात हमखास सापडतात. इथल्या सोसायट्यांची रीत वेगळी, कायदा वेगळा, आणि महाराष्ट्रातल्या सोसायटीचे नियम इथे चालतील या समजुतीवर बोलायला गेलं की पहिल्याच बैठकीत गप्प बसावं लागतं. बहुतेक जण सुरुवातच उलटी करतात. आधी गाडीवर बोलतात, ती जमीन कुणाची हे नंतर बघतात. खरं तर गाडी कुणाची, किती जुनी, किती दिवस उभी, या सगळ्याच्या आधी ती कुणाच्या जमिनीवर उभी आहे ते ठरवायला हवं. कुणाकडे जायचं आणि कोणता कायदा लागू होतो हे त्या एका उत्तरावर अवलंबून आहे.

किल्ली हातात घेण्याआधी

भाड्याने राहणार असाल तर भाडेकरारात पार्किंगचा नंबर लिहून घ्या. 'पार्किंगसह' एवढा शब्द पुरत नाही. 'स्टिल्टखालची (म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली) ४ नंबरची जागा' असं स्पष्ट हवं. घरमालकाला सोबत घेऊन खाली जा, ती जागा बघा, टेपने मोजा आणि आपली गाडी त्यात मावते का ते बघा. जागा भरलेली असेल तर करारावर सही करण्यापूर्वी ती रिकामी करून द्यायची जबाबदारी घरमालकाची, हेही लिहून घ्या. यात संकोच करण्यासारखं काही नाही. भाडेकरू सोसायटीचा सभासद नसतो, त्यामुळे पुढे वाद झाला तर सोसायटीसमोर उभं राहायचा अधिकार घरमालकालाच आहे. आज तो ज्या गोष्टीला टाळाटाळ करतो, ती उद्या अहमदाबादला किंवा अमेरिकेला बसून करेल अशी आशा धरू नका.

घर विकत घेत असाल तर दस्तावेज, रजाचिठ्ठीसोबतचा (बांधकाम परवानगीसोबतचा) मंजूर नकाशा आणि बी. यू. परमिशन (इमारत वापरण्याची परवानगी), या तिन्ही कागदांत पार्किंग कसं दाखवलंय ते ताडून पाहा. नकाशात जिथे पार्किंग आहे तिथे आता कुणी खोली बांधलेली असते किंवा दुकानाचं गोदाम केलेलं असतं. जागा कमी पडते ती पुष्कळदा त्यामुळेच, आणि शिव्या मात्र बंद गाडीच्या मालकाला बसतात.

बिल्डर उघड्यावरची जागा वेगळी विकतो म्हणाला तर थांबा. २०१६ च्या रेरा कायद्यात (बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेखीचा केंद्राचा कायदा) उघडं पार्किंग हे सामाईक जागेत धरलं आहे, ते एकट्याला विकता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा पार्किंगवरचा निकाल लोक इथेही सांगतात. तो खटला मुंबईचा आणि महाराष्ट्राच्या फ्लॅट कायद्याखालचा होता, म्हणून इथे त्यावर विसंबण्यापेक्षा रेरावर बोट ठेवलेलं बरं. नव्या नोंदणीकृत प्रकल्पातल्या बिल्डरविरुद्धची तक्रार गांधीनगरच्या गुजरात रेराकडे जाते.

जमीन कुणाची

बडोद्यात साधारण चार प्रकार भेटतात.

पहिला, फ्लॅटची सोसायटी. स्टिल्ट, बेसमेंट आणि आवार सगळं कुंपणाच्या आत. ही खासगी जागा. इथे सत्ता सोसायटीची, म्हणजे प्रमुख, मंत्री आणि कमिटीची. (इथे सेक्रेटरीला मंत्री म्हणतात, दचकू नका.) ट्रॅफिक पोलिसांची क्रेन आत का येत नाही असं नवे लोक रागाने विचारतात. मोटार वाहन कायद्यातलं 'सार्वजनिक ठिकाण' म्हणजे जिथे लोकांना जाण्याचा हक्क आहे ती जागा. वॉचमन बसवलेल्या फाटकाच्या आतला स्टिल्ट त्यात सहसा बसत नाही, म्हणून क्रेन येत नाही.

दुसरा, टेनामेंट किंवा ड्युप्लेक्सची सोसायटी. घरं स्वतंत्र, मधले रस्ते आणि कॉमन प्लॉट सगळ्यांचे. आतला रस्ता अजून सोसायटीचा आहे की महानगरपालिकेच्या ताब्यात गेलाय, हे मंत्र्यांना विचारा आणि वॉर्ड कचेरीतून पक्कं करा. एकाच रांगेतल्या दोन सोसायट्यांत याचं उत्तर वेगळं असू शकतं. कॉमन प्लॉटच्या कोपऱ्यात बंद गाड्या साचतात, कारण तो सगळ्यांचा असल्यामुळे तिथे कुणी कुणाला टोकत नाही.

तिसरा, घरासमोरचा सार्वजनिक रस्ता. इथे गैरसमज फार. आपल्या कंपाउंडला लागून आहे म्हणून रस्ता आपला होत नाही, मग तिथे वीस वर्षं आपलीच गाडी लागत असली तरीही. शेजाऱ्याची गाडी आपल्या भिंतीपुढे उभी आहे, पण आपलं फाटक अडलेलं नाही आणि तिथे नो पार्किंग नाही, तर तक्रारीला आधार फारसा नाही. उलट जागा धरून ठेवायला कुंड्या, साखळ्या, सिमेंट भरलेले डबे ठेवले तर ते अतिक्रमण तुमचं ठरतं. त्याला इथे दबाण म्हणतात, आणि दबाण शाखेची गाडी आली की कुंड्या उचलून नेते.

चौथा प्रकार जुन्या शहरातला. लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चार दरवाजांच्या आतल्या पोळी (पोळ म्हणजे दाटीवाटीच्या घरांची अरुंद गल्ली), आणि बाहेर रावपुरा, दांडिया बाजार, बाबाजीपुरा इथले मराठी वाडे. पोळीत मोटार शिरतच नाही किंवा शिरली तर वळत नाही, म्हणून ती तोंडाशी लागते आणि आतल्या पंचवीस घरांची वाट अडते. इथे ओट्यापुढची पट्टी घराची की गल्लीची, हा वाद पिढीजात असतो. सिटी सर्व्हे कचेरीतून प्रॉपर्टी कार्ड काढा. आजोबा काय म्हणत होते यापेक्षा त्या कार्डावरचं क्षेत्रफळ उपयोगी पडतं. वाड्यात भाऊबंदांची सामाईक मालकी असेल तर मात्र चौकातली गाडी हा पार्किंगचा प्रश्न राहत नाही, तो वाटणीचा होतो. त्यात नव्या भाडेकरूने पडू नये.

गाडीची माहिती काढा, आरडाओरडा न करता

नंबर टिपा. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, मुदत, विमा आणि पीयूसी चालू आहेत का हे दिसतं. मालकाचं नाव पूर्ण दिसत नाही, पण अर्ध्या अक्षरांवरून वॉचमन ओळखतो. जीजे ०६ म्हणजे गाडी बडोद्याचीच. बाहेरचा नंबर असेल आणि कुणीच ओळखत नसेल तर ११२ वर किंवा पोलीस चौकीवर कळवा. चोरीची असू शकते. अशा गाडीचं दार उघडायला जाऊ नका.

वेगवेगळ्या दिवशी फोटो काढून ठेवा. गाडीसोबत खांबावरचा नंबर किंवा फाटक दिसलं पाहिजे. पावसाळ्यात टायरमध्ये, फाटक्या कव्हरवर पाणी साचलं असेल तर त्याचेही काढा. डासांची उत्पत्ती ही महानगरपालिकेच्या आरोग्य खात्याची बाब आहे, आणि खासगी आवारातही त्यांना लक्ष घालता येतं. कुंपणाच्या आत सरकारी माणूस येण्याचं हे एक सरळ कारण आहे.

मग वर जाऊन बेल वाजवा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. गाडी बंद पडून राहते तेव्हा तिच्यामागे बहुतेक वेळा कुठलं तरी अडलेलं काम असतं. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीचं पाणी सोसायट्यांच्या तळमजल्यात शिरलं, आणि त्यात बुडलेल्या गाड्यांचे वाद नंतर पुष्कळ दिवस चालले. विम्याचा दावा अडकलेला, दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त, त्यावर बँकेचा बोजा. मालकाला ती ठेवताही येत नाही आणि टाकताही येत नाही. दुसरीकडे वडील गेलेले असतात, गाडी त्यांच्या नावावर, मुलगा कॅनडात, आणि आई ती गाडी हलवू देत नाही. अशा घरी जाऊन "भंगार कधी उचलताय?" असं म्हटलंत तर तो शब्द त्या घरची माणसं पुढची दहा वर्षं विसरणार नाहीत.

संध्याकाळी, जेवणाआधी जा. एकटे किंवा बायकोसोबत जा, चार जणांना घेऊन नको. मराठी शेजारी असतील तर असं काहीसं:

"काका, आम्ही ३०२ मध्ये नवीन आलोय. खाली ४ नंबरला उभी आहे ती गाडी तुमचीच ना? ती जागा आमच्या घरमालकांची आहे असं मंत्रीकाकांनी नकाशावर दाखवलं. तुम्हाला सवड असेल तेव्हा बसून ठरवू. मेकॅनिक लागला तर माझ्या ओळखीचा आहे, मी बोलावतो."

गुजराती शेजारी असतील तर मोडक्यातोडक्या गुजरातीत सुरुवात करा. "भाई, गाडी जरा खसेडशो?" (जरा हलवाल का?) एवढं म्हटलं तरी समोरचा मऊ होतो. बाईमाणूस असेल तर बेन किंवा मासी. व्हॉट्सॲप ग्रुपवर गाडीचा फोटो टाकून "ही कुणाची?" विचारणं हा सगळ्यात वाईट मार्ग. शंभर घरांपुढे नाव निघालेला माणूस मग जागेसाठी भांडत नाही, अब्रूसाठी भांडतो.

बोलणं झालं की तारीख ठरवा. गुजरातेत एक तारीख सगळ्यांना पटते, ती नवरात्राची. कॉमन प्लॉटमध्ये गरबा व्हायचा असतो, मंडप आणि लाइटवाला येणार असतो, तेव्हा जागा मोकळी करायला कुणी नाही म्हणत नाही. मराठी वस्तीत गणपतीचा मंडपही हेच काम करतो. भाद्रपदाच्या आधी विषय काढला तर दसऱ्यापर्यंत निकाल लागण्याची आशा खरी असते. ठरलेलं त्याच रात्री साध्या मेसेजने पाठवून ठेवा: "काका, आज बोलल्याप्रमाणे रविवारी गाडी मागच्या भिंतीकडे हलवू."

हलवताना मालक किंवा त्याने नेमलेला माणूस हजर हवाच. आधी चारही बाजूंनी फोटो. हँडब्रेक गंजून चिकटलेला असतो, ढकलून उपयोग होत नाही. चाकाखाली ट्रॉली लावणारा किंवा फ्लॅटबेड आणणारा माणूस बोलवा. पुरात बुडालेली गाडी स्टार्ट करून बघण्याचा मोह टाळा. इंजिनात पाणी असेल तर ते जागीच तुटतं, आणि मग 'तुमच्यामुळे इंजिन गेलं' हा नवा वाद उभा राहतो.

बोलून न सुटल्यास, सोसायटीच्या आत

मंत्र्यांना लेखी अर्ज द्या. दोन प्रती, एकीवर मिळाल्याची सही. अर्ज एका पानाचा, सोबत फोटो आणि जागेचा कागद. गुजरातीत लिहून घेतलात तर उत्तम, कारण कमिटीतले ज्येष्ठ तो वाचतील. मागणी एकाच व्यक्तीविरुद्ध न ठेवता नियमाची ठेवा: चालत नसलेली गाडी ठरावीक मुदतीपलीकडे आवारात ठेवता येणार नाही, ठेवायची तर कोणत्या कोपऱ्यात, आणि पाहुण्यांची जागा कोणती. हा ठराव सर्वसाधारण सभेत होऊ द्या. कमिटीने एका संध्याकाळी परस्पर केलेला नियम पुढे टिकत नाही.

सभेत माझा अनुभव असा की 'मला गैरसोय होते' या वाक्यावर कुणी हात वर करत नाही. 'अग्निशमनाचा बंब आत वळणार नाही' यावर करतात. राजकोटच्या गेमिंग झोनमध्ये मे २०२४ मध्ये लागलेल्या आगीनंतर गुजरातभर फायर एनओसीची तपासणी कडक झाली आहे. बंबाच्या वाटेत उभी असलेली बंद गाडी हा पूर्ण इमारतीचा प्रश्न आहे, आणि तो तसाच मांडा, कारण तो खरंच तसा आहे.

ठराव होऊनही कुणी ऐकत नसेल किंवा कमिटीच त्याची बाजू घेत असेल, तर सोसायटी कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे ते बघा. को-ऑपरेटिव्ह हाउसिंग किंवा हाउसिंग सर्व्हिस सोसायटी असेल तर गुजरात सहकारी संस्था अधिनियम १९६१ लागू होतो. १९६० मध्ये मुंबई राज्याचे दोन भाग झाले, त्यानंतर महाराष्ट्राने आणि गुजरातने आपापला वेगळा सहकार कायदा केला. पुण्याला ज्या वादासाठी कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातात, त्यासाठी इथे कलम ९६ खाली बोर्ड ऑफ नॉमिनीजकडे (सहकारी संस्थांचे वाद ऐकणाऱ्या मंडळाकडे) जावं लागतं. अपील राज्य सहकारी ट्रिब्युनलकडे. कारभाराची तक्रार, म्हणजे सभा न घेणं, कागद न दाखवणं, ही जिल्हा रजिस्ट्रारकडे. सोसायटी सहकारी नसेल तर मात्र दिवाणी न्यायालयाखेरीज गत्यंतर नाही. त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात तडजोडीसाठी अर्ज करा. दोन्ही बाजू तयार असतील तर लोक अदालतीत मिटतं आणि तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच बांधील असतो.

गाडी सार्वजनिक रस्त्यावर असेल तर

इथे कायदा स्पष्ट आणि तुमच्या बाजूचा आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२२: धोका, अडथळा किंवा गैरसोय होईल अशी गाडी सार्वजनिक ठिकाणी सोडता येत नाही. कलम १२७: दहा तास किंवा जास्त बेवारस उभी असलेली, किंवा मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी गणवेशातला पोलीस अधिकारी उचलून नेण्यास किंवा चाकाला जॅमर लावण्यास सांगू शकतो, आणि तो खर्च मालकाचा. रहदारीला धोका असेल तर दहा तास थांबायचीही गरज नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली सार्वजनिक वाटेत अडथळा केल्यास ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

पोलीस स्टेशनला अरजी द्या, प्रत शहर वाहतूक शाखेला आणि वॉर्ड कचेरीला. प्रत्येक ठिकाणी इनवर्ड नंबर घ्या. अरजीत 'शेजारी त्रास देतो' असं न लिहिता गाडीचा नंबर, जागा, किती दिवसांपासून, काय अडतंय (फाटक, गटाराचं झाकण, कचऱ्याची गाडी) आणि कलमं लिहा. पोळीच्या तोंडाशी रुग्णवाहिका अडत असेल तर तेही, आणि पोळीतल्या घरांच्या सह्यांसह. कुणीच हलत नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. सार्वजनिक वाटेतला अडथळा काढायचा हुकूम ते देऊ शकतात. राज्य सरकारच्या स्वागत तक्रार कार्यक्रमातही हे मांडता येतं, पण आधीच्या अर्जांचे नंबर हातात असले तरच तिथे बोलण्यात जोर येतो.

काही गोष्टी कितीही राग आला तरी करायच्या नाहीत. हवा सोडणं, ओरखडे, वायपर वाकवणं, आपली गाडी आडवी लावून त्याला कोंडणं. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान हा गुन्हा आहे, आणि सीसीटीव्ही प्रत्येक खांबावर आहे. तोवर कागदावर तुमची बाजू कितीही पक्की असली तरी त्या एका रात्रीनंतर आरोपी तुम्ही असता.

मालकाला गाडीतून सोडवा

पुष्कळ वाद इथे संपतात, म्हणून मालकाशी बोलायला जाताना ही माहिती सोबत न्या.

१५ वर्षं झाली म्हणजे गाडी आपोआप भंगार झाली असं गुजरातेत नाही. तपासणी करून नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. मात्र मोटारीची ती फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली, आणि २० वर्षांपुढच्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये. हा आकडा ऐकल्यावर 'कधीतरी दुरुस्त करू' म्हणणारे निर्णयाला येतात.

मालक वारले असतील तर वारसाने फॉर्म ३१ भरून दरजीपुऱ्याच्या आरटीओत गाडी आपल्या नावावर करून घ्यावी. मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती लागते. परदेशातल्या मुलांची संमती हीच खरी अडचण असते, तिची तजवीज ते दिवाळीला किंवा उत्तरायणाला घरी येतील तेव्हा करा. विकायची असेल तर फॉर्म २९ आणि ३०, कर्ज फिटलं असेल तर बोजा उतरवायला फॉर्म ३५.

मोडीत काढायची असेल तर गल्लीतल्या भंगारवाल्याला देऊ नका. तो पत्रा नेतो, नोंदणी मात्र मालकाच्याच नावावर राहते, आणि तो नंबर किंवा चॅसिस पुढे कुठे वापरला गेला तर पोलीस मालकाच्या दारात येतात. २०२१ च्या नियमांखाली नोंदणी झालेल्या स्क्रॅपिंग केंद्रात द्या. आरसी, ओळखपत्र आणि कर्ज असेल तर बँकेची एनओसी लागते, थकलेली चलनं आधी भरून टाका. केंद्र गाडी उचलायला कधी येईल आणि किती देईल हे दोन-तीन ठिकाणी विचारून घ्या, भाव वजनावर ठरतो आणि फरक पडतो. गाडी दिल्यावर सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं. ते नव्या गाडीच्या वेळी कर-सवलतीसाठी वापरता येतं. खासगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद केंद्राने केली आहे. मग आरटीओत नोंदणी रद्द झाल्याची खात्री त्याच एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून करा, आणि त्याची एक प्रत मंत्र्यांच्या फाइलला लावून ४ नंबरची जागा रजिस्टरमध्ये तुमच्या घरमालकाच्या नावापुढे मोकळी दाखवून घ्या.